भोक सगळ्यात शेवटी: एकट्याच्या लाकडी होडीचे काठ, बैठक आणि जू

माझ्या होडीच्या बरोबर मध्यावर, आतल्या काठपट्टीला दोन्हीकडे दोन-दोन गोल थिगळं आहेत. सागाच्या गुट्ट्या भोकांत चिकटवून वरून घासलेल्या. पाहुणे विचारतात, ही नक्षी कसली? नक्षी नाही, घाई आहे ती. होडीचं अंग तयार झालं होतं, आराखड्यात मध्यावर जू (होडी पालथी करून खांद्यांवर वाहून नेण्याची आडवी फळी) काढलेलं होतं, मी ड्रिल लावलं आणि बोल्ट आवळून मोकळा झालो. मग साखळीजवळ वाळवंटीच्या संथ पाण्यात होडी उतरवली, गुडघे टेकून बसलो, तर जू बरोबर मांड्यांवर आडवं. पाय काढता येईना, वल्हं धड फिरेना, आणि होडी कलंडली असती तर आतच अडकलो असतो. काठावर आमचे मेस्त, म्हणजे सुतार, उभे होते. ते हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "बाब, जूं बैलाचे मानेर घालतात, मांडयेर न्हय."

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी काठ. मग पाण्यात बसून बैठकीची जागा. मग जू. आणि भोक सगळ्यात शेवटी.

दोघांच्या होडीत ही अडचण येतच नाही. एक पुढे बसतो, एक मागे, मधली जागा मोकळी, तिथे जू कायमचं राहतं. एकट्याच्या होडीत मात्र तोल राहावा म्हणून माणूस मध्याजवळ बसतो आणि उचलताना तोल राहावा म्हणून जूही मध्यावरच लागतं. एका जागेवर दोघांचा दावा. दोघांच्या होडीचं चित्र बघून एकट्याची बांधायला घेतली की माझ्यासारखं होतं.

पुढचं सगळं लिहिताना मी धरून चाललोय की तुमचं अंग तयार आहे: पाव इंची लाकडी पट्ट्यांचं किंवा मरीन प्लायचं, आतबाहेर फायबरग्लास आणि ईपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारी चिकट राळ) चढवलेलं. उदाहरणाला मापं माझ्याच होडीची घेतो. लांबी १४ फूट, मध्यावर रुंदी २९ इंच, मध्यावर खोली १२ इंच. लाकडी गाभ्यावर फायबरग्लास ही रीत गोव्याला नवी नाही. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती नौदलाची नौका दिवाडी बेटावरच्या गोदीत अशीच बांधली होती. आपली होडी म्हणजे त्या घराण्यातलं शेंडेफळ म्हणा.

लाकूड कोणतं

परदेशी आराखड्यांत ॲश, चेरी, स्प्रूस अशी नावं असतात. ती शोधत बसू नका. सॉ मिलमध्ये जे सरळ रेषांचं, बिनगाठीचं आणि सुकलेलं मिळेल त्यातून निवडा.

साग सगळ्यांना ठाऊक आहे. टिकतो, वाकतो, पाण्याला दबत नाही, पण वजनदार आणि खिशालाही जड. शिवण हलकी असते आणि पावसाळ्यात फार पिळवटत नाही, म्हणून मला आवडते. फणसाचा रंग सुंदर, पण १५ फूट लांबीसाठी सरळ रेषा मिळणं नशिबाचा भाग. आंबा स्वस्त आणि भरपूर, पण ओलाव्यात लवकर कुजतो, काठाला नको. माट, म्हणजे मराठी पुस्तकांतला ऐन, हा गोव्याचा राज्यवृक्ष, पण एवढा जड की घराच्या वाशालाच शोभतो.

वजनाचा हिशोब करून बघा. पाऊण इंच बाय पाऊण इंच, १५ फुटी पट्टी. सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो, म्हणजे एक पट्टी किलोभराची. चार पट्ट्या, चार किलोंहून थोडं जास्त. तेच शिवणीचं काम तीन किलोंत होतं. १८ ते २० किलोंच्या होडीत हा एक किलो खांद्याला कळतो. मी बाहेरची पट्टी सागाची घेतली, कारण चिऱ्याच्या पायऱ्यांवर घासणार तीच. आतली शिवणीची. बैठकीचे बार सागाचे.

अंगणातला फणस तोडून काढू असा विचार असेल तर थांबा. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, स्वतःच्या जागेतलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. सॉ मिलमधून पावती घेऊन आणलेलं लाकूड बरं. आणून लगेच कापू नका. महिनाभर घरात, छपराखाली, खाली तुकडे ठेवून आडवं पसरा.

पायरी पहिली: काठ

काठ म्हणजे शोभेची कड नव्हे. काठाशिवाय होडीचं अंग उचललं तर ते केळीच्या सोपासारखं लचकतं. आत एक पट्टी, बाहेर एक पट्टी आणि मध्ये पातळ अंग, असं तिघांचं एक तुळईसारखं अंग होतं आणि मग होडीला ताठपणा येतो. म्हणून घाई न करण्याची जागा खरं तर इथेच आहे.

१५ फुटी सलग पट्टी सहसा मिळत नाही. दोन तुकडे तिरक्या सांध्याने जोडावे लागतात. जाडीच्या आठपट लांबीचा उतार काढायचा: पाऊण इंचाला सहा इंच. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून, टोकं मागेपुढे सरकवून, दोन्हींवर एकदम रंधा चालवला की उतार आपोआप सारखा येतो. ईपॉक्सी लावताना आधी पातळ हात द्या, लाकडाला पिऊ द्या, मग भुसा मिसळलेला घट्ट लेप. शिकंजा फार आवळू नका. सगळा लेप बाहेर आला तर सांध्यात उरणार काय? साग असेल तर चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्या. सागाचं तेल ईपॉक्सीला धरू देत नाही, आणि हे विसरलात तर सांधा नेमका पट्टी वाकवताना उघडतो.

सांधा कुठे येणार तेही आधी ठरवा. जिथे वाक कमी तिथे. आणि आतल्या व बाहेरच्या पट्टीचे सांधे समोरासमोर नकोत, दोन-तीन फुटांचं अंतर ठेवा.

पट्टी पूर्ण लांबीला सारखी जाड ठेवायची गरज नाही. मध्ये पाऊण इंच, आणि शेवटच्या दोन फुटांत हळूहळू अर्ध्या इंचावर आणा. वजन वाचतं आणि टोकाकडचा वाक सुखाने बसतो. एवढ्या बारीक पट्टीला वाफ द्यावी लागत नाही. कुरकुरत असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी वाकवून कोरडीच शिकंज्यांत धरून सुकू द्या, आणि मगच चिकटवा.

आतल्या पट्टीला फटी ठेवा. म्हणजे पट्टी अंगाला सलग न चिकटवता, मध्ये तीन-तीन इंचांचे ठोकळे आणि दोन ठोकळ्यांत तीन-चार इंचांची मोकळी जागा. होडी पालथी केली की पाणी तिथून निथळून जातं, दोरी बांधायला जागा मिळते, वजनही उतरतं. आपल्याकडच्या पावसात पहिला फायदा सोन्यासारखा आहे. मात्र बैठक आणि आडपट्ट्या (दोन काठांना जोडणारे आडवे दांडे) जिथे येतील तिथे फट नको, भरीव लाकूड हवं. ती जागा अजून ठरलेली नाही ना? म्हणून मध्याच्या मागे तीन इंचांपासून २२ इंचांपर्यंतचा भाग सलग भरीव ठेवा. बैठक या टप्प्याच्या बाहेर सहसा जात नाही. आडपट्ट्यांच्या अंदाजे जागीही सहा-सहा इंच भरीव ठेवा.

शिकंजे किती? एका बाजूला तीस-पस्तीस. एवढे कोणाकडे असतात? चार इंची पीव्हीसी पाइप आणा, दीड-दीड इंचाच्या बांगड्या कापा, प्रत्येक बांगडीला एक छेद द्या. बांगडी फाकवून काठावर बसवली की ती घट्ट चावते. दहा-बारा खरे शिकंजे मध्ये-मध्ये, बाकी बांगड्या. प्लंबरकडे उरलेले तुकडे असतात, विचारून बघा.

आता रंगीत तालीम. ईपॉक्सी न लावता दोन्ही बाहेरच्या पट्ट्या मध्यापासून टोकांकडे आवळत न्या. त्याआधी मध्यावर २९ इंचांची एक काठी आडवी ठोकून ठेवा, नाहीतर पट्ट्यांच्या ताणाने अंग आत किंवा बाहेर जातं. रुंदी अर्धा इंच बदलली की तळाची रेषाही बदलते, आणि मग आराखड्यातली होडी राहते कागदावर. दोन टोकांवर दोरा ताणा, मध्यावर ओळंबा सोडा. होडी पिळलेली तर नाही? डोळ्याने बघा, मागून बघा, पुढून बघा. शेजाऱ्यालाही बघायला लावा, परक्याच्या डोळ्याला वाक लवकर दिसतो.

मग चिकटवा. दोन्ही बाहेरच्या पट्ट्या एकाच दिवशी. एक बाजू आज, एक उद्या असं केलंत तर होडी एका अंगाला ओढली जाते. आपल्या उकाड्यात ईपॉक्सी डब्यात ठेवली की दहा मिनिटांत धूर काढायला लागते. तापमान १० अंशांनी वाढलं की हातात मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. म्हणून थोडी-थोडी कालवा आणि पसरट ताटलीत ओता. पहाटे काम करणं उत्तम. पावसाळ्यात तर करूच नका. दमट हवेत ईपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या जाळीने धुतल्याशिवाय वर काहीच धरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम.

बाहेरची पट्टी बसली की अंगाची वर आलेली कड रंध्याने समतल करा, मग आतली पट्टी. तिची टोकं नेमकी बसवणं हे सगळ्यात चिकट काम आहे. पट्टी थोडी लांबच ठेवा, मध्यापासून आवळत टोकाकडे या, शेवटचा फूटभर मोकळा सोडा, किती जास्त आहे ते बघा, एक सूत कापा, पुन्हा बसवा. चार-पाच वेळा तरी होईल. एखादी फट राहिलीच तर मनाला लावून घेऊ नका. टोकाला वरून जी त्रिकोणी फळी येते, ती सगळ्यांची पापं झाकते. या फळीखाली पाणी साचू नये म्हणून एक करंगळीएवढं भोक ठेवा. सगळ्या लेखात लवकर पाडायला परवानगी असलेलं भोक हेच.

स्क्रू लावायचे की नाही यावर वाद चालतात. ईपॉक्सी नीट धरली असेल तर गरज नाही. धीर होत नसेल तर दोन्ही टोकांना तीन-तीन लावा, ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे. खाऱ्या पाण्यात पितळेचे स्क्रू ठिसूळ होऊन बसतात.

पायरी दुसरी: पाण्यातली परीक्षा

लोक इथेच शॉर्टकट घेतात. आराखड्यात लिहिलेलं असतं, बैठकीची पुढची कड मध्यापासून चार ते सहा इंच मागे. आकडा चुकीचा नाही. पण तो तुमच्या पोटाचा, तुमच्या पायांच्या लांबीचा आणि तुमच्या बसण्याच्या सवयीचा नाही. गुडघे टेकून बसणाऱ्याचं वजन बैठकीच्या पुढे पडतं, पाय पसरून बसणाऱ्याचं जवळजवळ बैठकीवरच. दोघांना एकच जागा कशी चालेल?

तर असं करा. एक इंची फळ्यांचे १८ इंच लांब, १० इंच रुंद असे नऊ-दहा तुकडे कापा आणि थप्पी लावून पट्ट्याने एकत्र बांधा. खाली जुन्या योगा मॅटचा तुकडा, म्हणजे थप्पी घसरत नाही आणि तळाला चरे पडत नाहीत. उंची वाढवायची तर एक फळी घाला, कमी करायची तर एक काढा.

गुडघाभर पाण्यात, वारा नसताना, सोबत एक माणूस घेऊन जा. लाइफ जॅकेट अंगावर. जागा निवडताना खाजणाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या) मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ, जाऊ नका. भरती-ओहोटीला मानशीच्या दारातून पाणी जे ओढतं, ते हलक्या होडीला ऐकत नाही. कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहायची हौस नको. नदीच्या मोठ्या पात्रात जायचं असेल तर आधी बंदर कप्तान खात्याकडे नियम विचारून घ्या.

थप्पी मध्यापासून पाच इंच मागे ठेवून बसा आणि सोबत्याला काठावरून बघायला सांगा. नाळ (पुढचं टोक) आणि मागचं टोक पाण्याबाहेर किती-किती आहे? तळाच्या मधल्या रेषेवर पाण्याने जवळजवळ भरलेली बाटली आडवी ठेवली की आतूनही कळतं, बुडबुडा कुठे सरकतो बघा. होडी समतल किंवा मागे किंचित झुकलेली हवी. नाळ खाली गेली तर होडी सरळ जात नाही, सारखी तोंड फिरवते. एक इंच पुढे, एक इंच मागे, असं करत प्रत्येक जागी शंभरेक फूट वल्हवून बघा. जिथे तुम्ही थप्पी विसरून गेलात ती तुमची जागा. तिथे काठावर पट्टी चिकटवून पेन्सिलीने खूण करा.

माझी खूण साडेसहा इंचांवर आली. माझ्याहून किरकोळ अंगाचा धाकटा भाऊ त्याच होडीत पाच इंचांवर खूश होता.

उंचीही आताच ठरवा. पाय पसरून बसणार असाल तर तळापासून सात-आठ इंच पुरेत. जितकं खाली तितकं स्थिर. गुडघे टेकून बसायचं असेल तर पावलं बैठकीखाली जातात, आणि होडी कलंडली तर ती झटक्यात निघाली पाहिजेत. इथे तडजोड नाही. पायात जे घालणार आहात ते घालून बसा, पाऊल मागे ओढताना जेवढी उंची लागते त्यात आणखी एक इंच मिळवा. बहुतेकांना बैठकीची पुढची कड नऊ ते दहा इंचांवर लागते.

पायरी तिसरी: बैठक

बैठक तळावर उभी राहत नाही, ती काठाला टांगलेली असते. पुढे एक बार, मागे एक बार, दोन्ही आतल्या काठपट्टीखाली लांब बोल्टांनी लटकवलेले, मध्ये दोन छोट्या आडव्या दांड्या आणि त्या चौकटीत वीण. बार पाऊण इंच जाड, दीड इंच रुंद. चौकटीची आतली जागा १६ ते १८ इंच लांब, दहा इंच खोल. सांध्यांना कुसू आणि खाच करता येत असेल तर उत्तम, नाहीतर दोन-दोन लाकडी डॉवेल, म्हणजे गोल खुंट्या.

पुढची कड मागच्यापेक्षा पाऊण इंच खाली ठेवा. सपाट बैठकीवर गुडघे टेकले की पुढची कड मांडीत रुतते आणि अर्ध्या तासात पायाला मुंग्या येतात.

आता गणित, माझ्या मापांनी. मध्याजवळ खोली १२ इंच. काठपट्टी पाऊण इंचाची, म्हणजे तिची खालची बाजू सव्वाअकरा इंचांवर. मला पुढची कड साडेनऊवर हवी. म्हणजे काठपट्टी आणि बार यांच्यामध्ये पुढे पावणेदोन इंचांचा ठोकळा. मागची कड सव्वादहावर, तिथे एक इंचाचा ठोकळा. पुढच्या बारखाली पावलांसाठी उरले पावणेनऊ इंच. तुमची मापं घालून हेच कागदावर करा, आणि मग पुठ्ठ्याचे ठोकळे कापून खरंच तसं येतं का बघा.

हे ठोकळे पुढचे वेगळे, मागचे वेगळे असे करू नका. दोन्ही बारांना पुरेल असा एकच सलग तुकडा प्रत्येक बाजूला घ्या, वरून सरळ, खालून उतरता. मागे रेलून जोर लावला की सुट्या ठोकळ्यांवरचे बोल्ट वाकायला लागतात, चौकट झुलते. सलग तुकडा ती झुलू देत नाही.

बारांची लांबी कापताना लक्षात असू द्या, होडी मागे निमुळती होत जाते. पुढचा बार लांब, मागचा आखूड, आणि दोघांची टोकं किंचित तिरकी. प्रत्येकाचं माप त्याच्या-त्याच्या जागी घ्या. आधी मोठा कापा. लहान झालेला बार वाढवणारा मेस्त अजून जन्माला यायचाय.

बोल्ट ५ मिमीचे. सहाचे घ्यावेत असं वाटतं, पण पाऊण इंची पट्टीत जेवढं मोठं भोक तेवढं कमी लाकूड. खाली मोठे वॉशर आणि नायलॉनचे लॉक नट. भोक सरळ ५ मिमीचं न पाडता ८ मिमीचं पाडा, खालून चिकटपट्टी लावून ईपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्याच्या मध्यातून ५ मिमीचं पाडा. बोल्टाभोवती ईपॉक्सीची नळी तयार होते आणि पाणी लाकडात शिरत नाही. माझ्या पहिल्या भोकांत हे केलं नव्हतं. वर्षभरात भोवतीचं लाकूड काळं पडलं.

विणीबद्दल मला जरा रेंगाळू द्या. कॅनडातल्या जुन्या होड्यांच्या बैठकीला वेताची जी अष्टकोनी जाळी असते, ती बघून मी चकित झालो होतो. कारण ती मी लहानपणापासून बघत आलोय, गोव्याच्या जुन्या घरांतल्या आरामखुर्च्यांवर. तीच वीण. दोन उभे पदर, दोन आडवे, दोन तिरके, शेवटी कडेला बांधणी, एकूण सात फेऱ्या. खुर्च्या विणणारा कोणी गावात उरला असेल तर त्याला चौकट नेऊन द्या आणि शेजारी बसून बघा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विचारलंत तर कोणीतरी कोणाचं तरी नाव सांगतंच. स्वतः विणायचं असेल तर ३ मिमीचा वेत, पाव इंची भोकं, दोन भोकांच्या मध्यांमध्ये पाऊण इंच अंतर. वेत वीस-तीस मिनिटं पाण्यात भिजवून घ्या, आणि पहिल्या फेऱ्या फार ताणू नका. सुकल्यावर वेत स्वतःच आवळतो, आधीच ताणलेला असेल तर तटतटा तुटतो.

वेताचा शत्रू आषाढ. बुरशी येते. वरून-खालून वॉर्निशचे दोन हात द्या आणि पावसाळ्यात बैठक काढून स्वयंपाकघरात उंच टांगा. एवढी सेवा जमणार नसेल तर दोन इंची पट्टा विणा, बाजेला नवार विणतात तसा. सुती नवार मात्र नको, भिजली की दिवसभर ओली राहते. पॉलिएस्टरचा पट्टा सर्वात चांगला. नायलॉनचा ओला झाला की सैल पडतो, आणि पॉलिप्रॉपिलीनचा उन्हाने भुगा होतो. पट्ट्यात भोक कात्रीने नाही, तापवलेल्या खिळ्याने पाडा, म्हणजे धागे सुटत नाहीत.

आडपट्ट्या

यांचं काम थोडक्यात संपतं. रुंदी राखायला बैठकीच्या मागे एक आणि पायांच्या पुढे एक. पुढची अशी ठेवा की पाय पसरल्यावर नडगीला लागणार नाही. मध्यापासून अडीच-तीन फूट पुढे बहुतेकांना चालते. पाऊण इंच जाड, मध्ये दीड इंच रुंद, टोकांना दोन. बोल्ट बैठकीसारखेच. मध्यावर ठोकलेली २९ इंची काठी हे सगळं बसेपर्यंत काढू नका.

पायरी शेवटची: जू

आधी स्वतःला विचारा, लागणार आहे का? एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्यातल्या रश्टन नावाच्या कारागिराने १८८३ मध्ये एका किरकोळ अंगाच्या भटक्यासाठी साडेदहा पौंडांची, म्हणजे पाच किलोंहूनही हलकी होडी बांधली होती. ती बगलेत मारून नेता येईल. आपली वीस किलोंची. घरापासून पाणी पन्नास पावलांवर असेल तर दोघांनी दोन टोकं धरून नेणं सोपं. पण खाजणाच्या बांधावरून अर्धा किलोमीटर एकट्याने न्यायची असेल, तर जूला पर्याय नाही. बांधावर दोन माणसं शेजारी-शेजारी चालत नाहीत.

एकट्याच्या होडीचं जू सुटं हवं. पोहोचलात की काढायचं, मागच्या आडपट्टीला बांधून ठेवायचं. एक इंच जाड सागाची फळी, लांबी काठाच्या बाहेरच्या कडेपर्यंत. मध्ये मानेसाठी सात-आठ इंच रुंद, तीन इंच खोल गोलाई. गोलाईच्या मागे किमान अडीच इंच सलग लाकूड राहू द्या, आणि रेषा फळीच्या लांबीला समांतर असलेलाच तुकडा घ्या. रेषा तिरक्या असतील तर जू तुटतं ते बरोबर मानेमागे. दोन्ही टोकांना खालून एकेक लाकडी जबडा, लांब बोल्ट आणि पंखाचा नट. जबडा आतल्या काठपट्टीला खालून धरतो, नट हाताने आवळता येतो. काठाला एकही भोक लागत नाही.

खांद्यांवर उशा लागतात. आमची आई डोक्यावर कळशी घेताना लुगड्याच्या धडप्याची चुंबळ करायची, जूची उशी म्हणजे तीच चुंबळ, फक्त दोन. जुन्या लाइफ जॅकेटचा फोम, वर जाड कापड, खाली प्लायचा तुकडा. दोन उशांमधलं अंतर सात इंच धरा आणि मग स्वतःच्या खांद्यांवर बसवून कमी-जास्त करा. हाडावर यायला नको, मांसल भागावर यायला हवी.

जागा ठरवायला होडी पालथी करून मध्याजवळ एका आडव्या बांबूवर तोला. बैठक, आडपट्ट्या, सगळं बसवल्यानंतर तोला, आधी नाही. बैठकीच्या वजनाने तोल मागे सरकतो. तोल मिळाला की जू त्याच्या अर्धा इंच पुढे, म्हणजे नाळेकडे लावा. मागची बाजू किंचित जड राहते, नाळ आपोआप वर उचलली जाते आणि पुढचा रस्ता दिसतो. नाहीतर चालताना फक्त स्वतःच्या चपला दिसतात. खांद्यावर घेऊन मान मागे टाकून बघा. डोकं बैठकीच्या पुढच्या बारावर आपटत असेल तर जू आणखी बोटभर पुढे घ्या आणि एक हात मागच्या काठावर ठेवून तोल सांभाळा.

जू करायचा कंटाळा आला तर जुनी युक्ती आहे: दोन वल्ही आडपट्टीपासून बैठकीपर्यंत लांबीच्या दिशेने बांधा, दांडे दोन्ही खांद्यांवर येतील असे. वर टॉवेल. पाव किलोमीटरला पुरतं.

रंगरंगोटी

काठांना आणि बारांना ऊन झेलणारं बोटीचं वॉर्निश, पाच-सहा पातळ हात, प्रत्येक दोन हातांमध्ये बारीक पॉलिश पेपर. बारांची कापलेली टोकं आणि ठोकळ्यांचे आतले कोपरे जोडण्याआधीच रंगवा, नंतर ब्रश तिथे जात नाही. नुसतं जवसाचं तेल लावलंत तर पहिल्याच पावसाळ्यात काळी बुरशी येईल. इकडच्या मच्छीमार होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावायची जुनी पद्धत आहे, लाकडाला ते चांगलंच. पण कातडीला लागलं तर फोड येतात. ज्याच्यावर बसायचं त्याला ते लावू नका.

पहिला पावसाळा सरला की दसऱ्याच्या सुमारास सगळे नट एकदा तपासा. लाकूड चार महिने फुगलेलं असतं, सुकताना आकसतं आणि नट सैल पडतात. पाव फेरा आवळा, जास्त नको. पंखाचा एक सुटा नट दोरीत ओवून मागच्या आडपट्टीला बांधून ठेवा. माझा पहिला नट चोडणच्या फेरीबोटीत गाडीवरून होडी उतरवताना मांडवीत गेला.